सासरे म्हणतात युनिटात पैसे अडकतात, बँकवाले म्हणतात एफडी सोडा आणि फंडात टाका. कुणाचं ऐकू?

भगवंतनगरी

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी फक्त वाचायला येते. आज विचारायचं आहे, कारण घरात यावरून रोज बोलणं होतंय.

मी बार्शीची, अनुदानित शाळेत लिपिक आहे, वय ४४. नोकरी २००५ नंतरची, त्यामुळे जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. मिस्टरांचं हार्डवेअरचं छोटं दुकान. मुलगी यंदा दहावीत, मुलगा सहावीत. सासरे आमच्याकडेच असतात, ते साखर कारखान्यात हिशेबनीस होते.

पुढच्या महिन्यात माझ्या सहा लाखांच्या एफडीची मुदत संपतेय. माहेरच्या वाटणीचे पैसे आहेत, आमच्याकडे एवढी एकच मोठी रक्कम. बँक राष्ट्रीयीकृत आहे. नूतनीकरणाचं विचारायला गेले तर काउंटरवरच्या सरांनी आत केबिनमध्ये बसवलं. म्हणाले, "मॅडम, एफडीचं व्याज महागाईच खाऊन टाकते. नवीन फंड आलाय, दहा रुपयांना युनिट आहे, पंधरा दिवसच उघडा आहे. नंतर महाग होईल. सहाच्या सहा टाका." सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारून फॉर्मही हातात दिला. मी घरी विचारून सांगते म्हणून घेऊन आले.

सासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "युनिट? अजिबात नाही." २००१ साली युनिट बंद झालं होतं, कारखान्यातल्या कितीतरी जणांचे पैसे त्यात होते आणि काढायला गेलं तर मिळत नव्हते, असं ते सांगतात. मिस्टर म्हणतात तो जुना काळ गेला. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गाडी अडते.

मला एवढंच कळायचंय. आताही पैसे असे अडकू शकतात का? दहा रुपयांना मिळतंय म्हणजे खरंच स्वस्त आहे का? आणि याशिवाय महिन्याला पाच हजार बाजूला पडतात, त्यांचं काय करू? शेअर बाजारातलं मला काही कळत नाही, तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

निफाडकर

ताई, अजिबात घाबरू नका. मी दर महिन्याला एसआयपी करतो, म्हणजे फंडात ठरलेला हप्ता टाकतो, चांगला अनुभव आहे. मोबाईलवर अ‍ॅप टाका, गेल्या एक वर्षात सगळ्यात जास्त परतावा दिलेले फंड वरच दिसतात, त्यातले दोन-तीन निवडा. सहा लाख एफडीत ठेवणं म्हणजे नुकसान.

ढेबेवाडी

मी निवृत्त शिक्षक. सगळं आयुष्य पोस्ट आणि बँक यांत गेलं, रात्री झोप शांत लागते. निफाडकर साहेब, मुलगी दहावीत आहे हे वाचलंत का? दोन वर्षांनी त्यांना प्रवेशाची फी भरायची आहे. ताई, व्याज कमी मिळालं तरी चालेल, पण जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत मात्र जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

वाळवा तालुका

ताई, आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते सांगतात ते खरं आहे, आणि जुनं झालं म्हणून टाकून देण्यासारखंही नाही. तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं ते समजलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. म्हणून जरा लांबण लावतो.

मी इस्लामपूरला ऐंशीच्या दशकापासून युनिटचे फॉर्म भरून घ्यायचं काम केलं, पुढे म्युच्युअल फंडांची वितरकी केली. आता वयोमानाने ते काम बंद केलंय. तुम्ही पैसे कुठे ठेवता यात माझं एक पैशाचंही कमिशन नाही.

युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संसदेने १९६३ साली कायदा करून काढलेली संस्था. लोकांचा पैसा एकत्र करून ती शेअर आणि रोख्यांत गुंतवायची, त्यातला एकेक वाटा म्हणजे युनिट. १९६४ च्या जुलैत तिची पहिली योजना आली, तीच यूएस-६४. आमच्या भागात नुसतं 'युनिट' म्हटलं की तीच. शिक्षक, एसटीतले लोक, हळदीचे व्यापारी, कारखान्यातले कामगार, सगळे घ्यायचे. दर्शनी किंमत १० रुपये. जुलैत भाव सगळ्यात कमी असायचा, पुढे महिन्यागणिक चढायचा, त्यामुळे जुलैत आमच्याकडे बसायला जागा नसायची. १९९३ आणि १९९४ ला २६ टक्के लाभांश मिळाला, त्याची चर्चा तर पारावर चालायची.

भावाचा तक्ता मी भिंतीला चिकटवून ठेवत असे. लोक यायचे, तक्त्यावर बोट ठेवून या महिन्याचा भाव बघायचे आणि फॉर्म भरायचे. एका युनिटमागे आत खरोखर किती रुपयांचे शेअर आणि रोखे आहेत, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण तो आकडा जाहीरच होत नव्हता.

मेख तिथेच होती. यूएस-६४ चा खरेदी-विक्रीचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवत असे, आतल्या मालमत्तेच्या त्या दिवसाच्या किमतीशी तो बांधलेला नव्हता. नव्वदच्या दशकात योजनेतला निम्म्याहून जास्त पैसा शेअर्समध्ये गेला. शेअर पडले तरी तक्त्यावरचा भाव चढताच. १९९८ साली राखीव निधी उणे झाल्याचं बाहेर आलं. सरकारने मदत केली. दीपक पारेख यांच्या समितीने भाव एनएव्हीशी, म्हणजे युनिटमागच्या खऱ्या किमतीशी, जोडा असं सांगितलं आणि त्याला तीन वर्षांची मुदत सुचवली. ती मुदत संपायच्या आत २००१ उजाडलं.

आता एक कागद घ्या आणि सासऱ्यांसमोरच मांडा. ते हिशेबनीस होते, त्यांना माझ्यापेक्षा लवकर दिसेल. समजा एका योजनेत १०० युनिट आहेत आणि आतल्या मालाची खरी किंमत १,००० रुपये. म्हणजे युनिटला १० रुपये. पण जाहीर भाव १४. ज्याला आतली खबर आहे तो ५० युनिट १४ च्या भावाने परत देतो आणि ७०० रुपये घेऊन जातो. मागे उरले ३०० रुपये आणि ५० युनिट. म्हणजे युनिटला ६. जो थांबला, ज्याने विश्वास ठेवला, त्याचे चार रुपये गेले, आणि ते शेअर बाजाराने नेले नाहीत, आधी बाहेर पडलेल्याने नेले. तेच जर भाव खऱ्या किमतीचा, १० चाच असता, तर पहिला ५०० घेऊन जातो, मागे ५०० आणि ५० युनिट. थांबलेल्याचा भाव १० चा १० राहतो.

प्रत्यक्षात असंच झालं. २००१ च्या एप्रिल-मेमध्ये बड्या कंपन्यांनी हजारो कोटी १४ च्या वरच्या भावाने काढून घेतले. २ जुलै २००१ ला खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. डिसेंबर २००१ अखेरची एनएव्ही जेव्हा पहिल्यांदा लोकांपुढे आली तेव्हा ती ५ रुपये ८१ पैसे होती. लहान युनिटधारकांना ऑगस्टपासून ३,००० युनिटांपर्यंत १० रुपयांनी पैसे काढायची सोय दिली, तो भाव दर महिन्याला १० पैशांनी वाढत होता. राहिलेल्यांना पुढे ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले, ते २००८ ला फिटले. म्हणजे छोट्या माणसाचे पैसे अगदी बुडाले नाहीत, खड्डा सरकारी तिजोरीतून भरला गेला. पण ज्याला त्या जुलैत पैसे हवे होते त्याला ते मिळाले नाहीत, आणि घरात लग्न ठरलेल्या किंवा दवाखान्यात माणूस असलेल्या घराला हे बुडण्याइतकंच लागतं. सासरे विसरलेले नाहीत ते यामुळे.

आताचं सांगतो. आजचे सगळे म्युच्युअल फंड सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाखाली आहेत. जुन्या ट्रस्टचेही फेब्रुवारी २००३ मध्ये दोन भाग केले आणि म्युच्युअल फंडाचा भाग सेबीखाली आणला. प्रत्येक योजनेची एनएव्ही रोज जाहीर होते, तुम्हाला घ्यायचं असो की विकायचं, भाव तोच. आत कोणते शेअर, कोणते रोखे आहेत याची यादी दर महिन्याला छापावी लागते. शेअर आणि रोखे फंड कंपनीच्या ताब्यात नसतात, वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे असतात. शेअर फंडातून पैसे काढले तर दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. तेव्हा यूएस-६४ ज्या कारणाने अडकलं ते कारण आज उरलेलं नाही. आणि तुम्ही तर आधीच युनिटधारक आहात. एनपीएसचं स्टेटमेंट उघडून बघा, त्यात युनिटची संख्या आणि एनएव्ही असे दोन रकाने दिसतील.

पण रोजची खरी किंमत दिसते म्हणजे पडलेली किंमतही त्याच दिवशी दिसते, आणि कुणी वरचा भाव बांधून देत नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता, २००९ च्या मार्चमध्ये ८,२०० च्या खाली. तो आकडा परत दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. २०२० मध्ये जानेवारीत ४२,००० आणि मार्चअखेर २६,००० च्या खाली, तेव्हा मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत भरून निघालं. कुठली घसरण किती लांबेल हे आधी कुणालाही सांगता येत नाही. केबिनमधल्या सरांनाही नाही.

म्हणून तुमचे सहा लाख फंडात टाकू नका. ढेबेवाडीच्या गुरुजींनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. दोन वर्षांनी मुलीचा प्रवेश, त्यानंतर तीन-चार वर्षं दरवर्षी फी. फी भरायच्या महिन्यात बाजार खाली असेल तर सहाचे चार झालेले असतील आणि तुम्हाला त्याच भावाने विकावं लागेल. हे पैसे एफडीतच ठेवा, फक्त एक लांब एफडी न करता फीच्या वेळा बघून तीन-चार तुकडे करा. मुदतीआधी मोडावी लागली तर व्याज कापलं जातं, ते वाचेल. विमा मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत आहे. तुमची बँक राष्ट्रीयीकृत आहे त्यामुळे मला तशी धास्ती नाही, पण तीन-तीन लाख दोन बँकांत ठेवायला जादा खर्च काही येत नाही.

दहा रुपयांचं म्हणाल तर हे ऐकून मला मनापासून राग येतो, कारण साध्या माणसाला हेच सांगून वर्षानुवर्षं फॉर्म भरून घेतलेत. दहा हजार रुपये दहाच्या युनिटमध्ये टाकले तर हजार युनिट मिळतील. तेच जुन्या फंडात, जिथे एनएव्ही २०० आहे, तिथे ५० युनिट मिळतील. दोन्हीकडच्या आतल्या शेअर्सचा भाव १० टक्के वाढला तर पहिल्याचं युनिट ११ होईल, दुसऱ्याचं २२०. तुमचे पैसे दोन्हीकडे ११,०००. मग स्वस्त काय झालं? उलट जुन्या फंडाचा दहा-पंधरा वर्षांचा हिशोब डोळ्यांसमोर असतो, नव्याचा कोराच कागद. आणि पंधरा दिवसांनी नवीन फंड 'महाग' होत नाही, तो रोजच्या एनएव्हीने तेव्हाही मिळतोच.

तो फॉर्म अजून घरात असेल तर वरच्या भागात एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, असं लिहिलेली चौकट शोधा. तिथे बँकेचा नंबर आधीच छापलेला किंवा शिक्का मारलेला असेल. म्हणजे बँक इथे वितरक आहे आणि तुमचे पैसे जोवर त्या फंडात आहेत तोवर तिला दरवर्षी कमिशन जात राहतं. यात बेकायदा काही नाही, पण हे तुम्हाला केबिनमध्ये सांगायला हवं होतं. आणि बँकेच्या टेबलावर घेतलं म्हणून त्याला बँकेची हमी नसते, हेही.

निफाडकर

काका, सविस्तर लिहिलंत. मुलीच्या फीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग डेट फंड का नको? त्यात शेअर नसतात.

वाळवा तालुका

निफाडकर, शेअर नसतात पण कर्जं असतात, आणि ज्या कंपनीला कर्ज दिलं तिची पत घसरली की तो कागद बाजारात कुणी घेत नाही. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना गुंडाळल्या, पंचवीस हजार कोटींच्या वर रक्कम होती. लोकांचे पैसे पुढे परत आले, पण हप्त्याहप्त्याने, कोर्टकचेरी होऊन. एफडीच्या मानाने डेट फंडाला करात पूर्वी जी सवलत होती तीही आता राहिली नाही: १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा उत्पन्नातच धरला जातो. सरकारी रोखे किंवा रोजच्या मुदतीचे कागद घेणारे फंड तुलनेने सुरक्षित असतात, पण आत काय आहे हे वाचता न येणाऱ्या माणसाने फीच्या पैशांसाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आणि एक वर्षात सगळ्यात वर असलेला फंड निवडा, हे मात्र नका सांगू कुणाला. मागच्या वर्षी जे क्षेत्र तेजीत होतं त्याचा फंड यादीत वर असतो, एवढाच त्याचा अर्थ.

भगवंतनगरी

काका, खूप खूप आभार. काल रात्री जेवणानंतर १४ आणि १० चा हिशोब सासऱ्यांना मांडून दाखवला. त्यांनी स्वतःच्या हाताने परत मांडला, मग म्हणाले, "आम्हाला तेव्हा असं कुणी सांगितलं नाही." त्यांना राग युनिटचा नव्हता, काही कळू न देता दार बंद केलं त्याचा होता असं मला वाटलं. सहा लाखांचं ठरलं, एफडीच. फॉर्मवर बँकेचा नंबर होता, तुम्ही म्हणालात तसाच.

आता पाच हजारांचं सांगा. हे पैसे मला निवृत्तीपर्यंत लागणार नाहीत, अजून चौदा वर्षं नोकरी आहे. मधेच बाजार पडला तर हप्ता बंद करायचा का? कर किती? आणि सासरे विचारतायत की लाभांश देणारा घ्यावा का, म्हणजे दरवर्षी हातात काहीतरी येतं.

वाळवा तालुका

या पैशांना फंड शोभतो, कारण इथे तुमच्याकडे वेळ आहे.

फंडाचं नाव मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. प्रकार सांगतो. निफ्टी ५० निर्देशांकाचा इंडेक्स फंड घ्या. निर्देशांकात ज्या पन्नास कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात तो घेतो. कुणी हुशार माणूस शेअर निवडत नाही, म्हणून खर्च कमी. त्यातही 'डायरेक्ट' प्लॅन. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत तो वेगळा असतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन वर्षाला अर्ध्या टक्क्याच्याही खाली खर्चात मिळतो. कागदी फॉर्म भरलात तर मी वर सांगितलेल्या एआरएनच्या चौकटीत 'डायरेक्ट' एवढंच लिहायचं. फंड कंपनीच्या वेबसाईटवरूनही होतं, पॅन, आधार आणि बँक खातं लागतं.

एक टक्का खर्च ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून आकडा देतो. महिन्याला पाच हजार पंधरा वर्षं, म्हणजे खिशातले नऊ लाख. वर्षाला १२ टक्के मिळाले असं धरलं तर सुमारे २५ लाख होतात, ११ धरलं तर सुमारे २३. मिळतीलच असं मी म्हणत नाही, दोन्ही आकडे गृहीत आहेत. मधल्या दोन लाखांच्या फरकाकडे बघा. बाजार वर जाईल की खाली हे तुमच्या हातात नाही, हा खर्च मात्र आहे.

बाजार पडला तर हप्ता बंद करू नका. एनएव्ही १०० असताना पाच हजारांत ५० युनिट येतात, ७० असताना ७१ च्या वर. ज्यांनी मार्च २०२० मध्ये घाबरून थांबवला, त्यांचे स्वस्तातले युनिट राहून गेले. घरात खरी अडचण आली, तर मात्र बिनदिक्कत थांबवा, त्याला दंड नसतो. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर बँक परतीचा आकार लावते, म्हणून तारीख पगारानंतरची ठेवा. आणि निवृत्तीच्या आधीची दोन-तीन वर्षं हळूहळू काढून एफडीत वळवायला लागा, शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

लाभांशाचं सासऱ्यांना असं सांगा: फंडाने युनिटमागे पाच रुपये वाटले की त्या दिवशी एनएव्ही पाचने खाली येते. बाहेरून काही येत नाही, आपल्याच पैशातून आपल्याला मिळतं, आणि वर त्यावर कर. तो मिळेलच याचं बंधनही नसतं. आता त्या पर्यायाच्या नावातच 'भांडवल काढून घेणं' असे शब्द घालायला सेबीने लावलंय. तुम्ही 'ग्रोथ' हा पर्याय घ्या, त्यात नफा वाटला न जाता आतच राहतो.

कर सध्या असा आहे: शेअर फंडाचे युनिट वर्षभरानंतर विकले तर सगळा मिळून वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. हे दर जुलै २०२४ पासूनचे. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, आज सुरू केलेल्या एसआयपीचा अकराव्या महिन्यातला हप्ता तो भरल्यापासून वर्षाने जुना होतो. विकताना सगळ्यात आधी घेतलेले युनिट आधी जातात.

माणगंगा

चांगली चर्चा चालू आहे, एक आडवा प्रश्न विचारते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा फंडाचा मळका कागद सापडलाय, पत्ता जुन्या घराचा. ते पैसे अजून असतील का, कसं शोधायचं?

वाळवा तालुका

माणगंगा, कागद फेकू नका, नीट ठेवा. सेबीच्या पुढाकाराने २०२५ मध्ये 'मित्र' नावाची ऑनलाईन सोय झाली आहे, दहा वर्षं व्यवहार न झालेले फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, तिथे शोधता येतात. वडिलांचं नाव, पॅन, जुना पत्ता, पिनकोड, जे जे आठवतं ते घालून बघा. सापडलं तर पुढे मृत्यूचा दाखला आणि नामनिर्देशन होतं का यावर कागदपत्रं ठरतात. नामनिर्देशन नसेल तर वारसांचे कागद जास्त लागतात, पण पैसे मिळतात. योजना तेव्हाच बंद झाली असेल तर पैसे न घेतलेल्या रकमेत पडून असतील, तेव्हा कागदावरच्या फंड कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

भगवंतनगरी

काका, शेवटचा प्रश्न. हप्ता मुलाच्या नावाने सुरू करू का? मिस्टर म्हणतात त्याच्याच कामाला येईल.

वाळवा तालुका

नको ताई, तुमच्याच नावाने करा. मूल लहान असताना त्याच्या नावावरचा नफा करासाठी आईबापाच्याच उत्पन्नात धरतात, म्हणजे फायदा काही नाही. आणि तो अठराचा झाला की त्याचा पॅन, केवायसी, सही, बँक खातं सगळं बदलून देईपर्यंत फोलिओ थांबतो, हप्ताही थांबतो. शिवाय हे पैसे तुमच्या निवृत्तीचे आहेत, जुनी पेन्शन नाही हे तुम्हीच लिहिलंय. फोलिओत दुसरं नाव मिस्टरांचं घाला आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' हा पर्याय निवडा. नॉमिनी म्हणून दोन्ही मुलं, पन्नास-पन्नास टक्के. दोघंही अज्ञान आहेत, त्यामुळे नॉमिनीसमोर पालकाचं नाव लिहायची जागा असते, ती रिकामी ठेवू नका.